बेसुमार

४ सप्टेंबर

पाठ्यपुस्तक मंडळाचं पत्र आलं. सातवीच्या भूगोलाच्या नव्या पुस्तकातला सहावा पाठ मी लिहायचा आहे. ‘जगाची लोकसंख्या: खंडांनुसार वाढ आणि तिची कारणे.’ आठ पानं, एक तक्ता, एक छायाचित्र, शेवटी स्वाध्याय. मुदत तीन आठवडे. चोवीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेले पाठ शिकवले, आता माझा पाठ दुसरे शिकवतील. पत्र खिशात ठेवून दिवसभर फिरलो आणि तीन वेळा काढून वाचलं.

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी अभिनंदन केलं. खेळाचे सर म्हणाले, “लोकसंख्येवर लिहिताय, मग आधी घरची सांगा. तुम्ही भावंडं किती?” मी म्हणालो, “तीन.” या शाळेत आलो त्या दिवसापासून हाच आकडा सांगतोय. मोठी ताई, मोठा दादा आणि मी. मधले पाच गाळतो. पडताळायला कोण येणार आहे?

खरं तर आठ. दहावीत असताना एक मित्र वही न्यायला घरी आला होता. दोन खोल्या, त्यात आम्ही सगळे आडवेउभे बसलेलो. तो दारातूनच म्हणाला, “इथे शाळा भरते का?” मी त्याच्याबरोबर हसलो. नंतर कुणालाही घरी आणलं नाही.

ही वही बायकोने दिली आहे, कामाच्या नोंदी ठेवा म्हणून. पाठाचं ऐकून ती म्हणाली, “आठ पानं ना? भावंडांना एकेक दिलं की संपलं.” तिला विनोद सुचतात. मला हसू आलं नाही.

९ सप्टेंबर

लिहायला बसलो की आपोआप लिहून होतंय. तक्ता झाला. सन अठराशेच्या सुमाराला जगात जेमतेम शंभर कोटी माणसं होती. एकोणीसशे पन्नासला अडीचशे कोटी, आणि आज आठशेच्या वर. म्हणजे शंभर कोटींपर्यंत पोचायला माणसाला सगळा इतिहास लागला आणि उरलेले सातशे कोटी सव्वादोनशे वर्षांत आले. पोरं हे वाचून तोंडाचा आ करतील.

कारणंही लिहिली. युरोपची वाढ आधी झाली, म्हणून तिथे लिहिलं: ‘विज्ञान, सुबत्ता व आरोग्य यांतील प्रगतीमुळे.’ आशिया, आफ्रिका यांची नंतर झाली. तिथे लिहिलं: ‘अज्ञान, निरक्षरता व बेजबाबदारपणे वाढवलेली कुटुंबे यांमुळे.’ ‘बेजबाबदारपणे’ हा शब्द आधी नव्हता. नंतर घातला आणि वाक्याला वजन आलं.

१४ सप्टेंबर

संपादिका बाईंचा फोन आला. वयाने माझ्याहून दहाबारा वर्षांनी लहान असतील, पण बोलणं मोजकं. “सर, छायाचित्र लवकर पाठवा. विकत घेतलं तर परवानगीत महिना जातो. तुमच्याकडचं असेल तर बरं.”

माझ्याकडे एक फोटो आहे. आमच्या जुन्या घराच्या दारातला. पाणीखात्याचा एक माणूस कॅमेरा घेऊन गल्लीत आला होता, त्याने काढलेला. मधे आई, बाजूला सगळी पोरं, कुणाचं नाक वाहतंय, कुणाची चड्डी घसरलीय. ताई चौदा वर्षांची असेल, तिच्या कडेवर मी दीड वर्षाचा. वडील कामावर गेले होते म्हणून फोटोत नाहीत.

पाहताक्षणी वाटलं, याच्याहून बोलकं चित्र मिळणार नाही.

उजव्या कडेला गल्लीतला नळ मधेच येत होता. तो कापून टाकला. त्यामुळे माणसं अंगावर आल्यासारखी दाट दिसतात, चौकटीबाहेर सांडतील की काय अशी. खाली ओळ लिहिली: ‘बेसुमार संतती: अज्ञानाचे फळ.’

चेहरे ओळखू येतील का, असं एकदा मनात आलं. पण पुस्तकाची छपाई काळपटच असते. आणि अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची माणसं आता ओळखणार कोण?

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून लिहितो. तो फोटो पाकिटात घालताना मला बरं वाटलं. रुतलेलं काहीतरी उपटून बाहेर टाकावं तसं.

१७ ऑक्टोबर

चाचणी आवृत्ती आली. वीस शाळांमध्ये वाटणार, शिक्षकांची मतं मागवणार, मग कायमचं पुस्तक. पाठाखाली माझं नाव आहे. छपाई मात्र मला वाटली होती तशी काळपट निघाली नाही, चांगली स्वच्छ आहे.

बायकोने पान उघडून बराच वेळ पाहिलं. म्हणाली, “हे तुमच्या घरचं दार आहे ना?”

“असली दारं गल्लोगल्ली असतात.”

“आणि ह्या आई?”

मी म्हणालो, “तशा दिसणाऱ्या पुष्कळ असतात.”

तिने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि इस्त्रीला बसली. काल केलेले कपडे तिने आज पुन्हा इस्त्रीला काढले होते. का कोण जाणे.

२ नोव्हेंबर

संपादिका बाईंनी मंडळाच्या कार्यालयात बोलावलं. कौतुक ऐकायच्या तयारीने गेलो. त्यांनी पाठ समोर ठेवला. दोन ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारली होती.

“सर, तुमच्या तक्त्यावरून मी आलेख काढला. युरोपची रेषा वर गेली त्याला तुम्ही प्रगती म्हटलंय. आशिया-आफ्रिकेची तशीच वर गेली त्याला अज्ञान. रेषा एकच, कारणं दोन. असं का?”

मी म्हणालो, “कारण तिथली कुटुंबं जबाबदार होती.”

“युरोपची रेषा जेव्हा चढत होती तेव्हा तिथल्या घरात मुलं किती असायची?”

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, “दोन-तीन असतील.”

“पाच-सहा. काही ठिकाणी जास्तच. बरं, आपल्याकडे लोकसंख्या वाढली तेव्हा बायकांना आधीपेक्षा जास्त मुलं व्हायला लागली होती का?”

“उघड आहे.”

“उघड असेल तर आकडा दाखवा.” त्या शांतपणे म्हणाल्या. “जन्मांचा तक्ता आणि मृत्यूंचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून बघा. मग बोलू.”

फार आगाऊ बाई आहे. मी शिकवायला लागलो तेव्हा ही शाळेत दप्तर घेऊन जात असेल.

६ नोव्हेंबर

तीन दिवस ग्रंथालयात बसलो. तिला खोटं पाडायचं म्हणून गेलो होतो.

जन्म वाढलेले नाहीत. म्हणजे नावाला थोडे कुठे कुठे, पण त्याने काही होत नाही. हजारो वर्षं बायकांना सहा-सात मुलं होत होती आणि त्यातली दोन-तीन जगत होती, म्हणून जग जागच्या जागी होतं. मग स्वच्छ पाणी आलं, गटारं झाकली गेली, देवीची लस आली, साबण स्वस्त झाला, एका खंडातला मका आणि बटाटा दुसऱ्या खंडांत जाऊन पोचले. पोरं मरायची थांबली. आईबापांना आपली मुलं आता जगतात याची खात्री पटायला एक-दोन पिढ्या जातात, मग जन्मही कमी होतात. मधल्या काळात रेषा वर चढते. युरोपात हे आधी झालं आणि सावकाश झालं. तिथे गर्दी झाली तशी पाच-सहा कोटी माणसं जहाजात बसून दुसऱ्या खंडांत निघून गेली. आपल्यासारख्यांकडे हेच उशिरा आणि एकदम झालं, आणि जायला मोकळा खंड उरलेला नव्हता.

मोकळा तरी कुठला म्हणा. अमेरिकेच्या दोन्ही खंडांत बाहेरून आलेल्या रोगांनी आणि लढायांनी शंभर-दीडशे वर्षांत इतकी माणसं गेली, की काहींच्या मते दहातला एक उरला. आफ्रिकेतून सव्वा कोटी माणसं साखळ्या घालून समुद्रापार नेली, आणि तो खंड कित्येक पिढ्या वाढलाच नाही. हे माझ्या पाठात कुठेही नाही. मी आफ्रिकेला बेजबाबदार म्हणून मोकळा झालो होतो.

दर वर्षी दोन तुकड्या, तुकडीत चाळीस पोरं, चोवीस वर्षं. दोन हजारांच्या आसपास पोरांना मी हे तोंडाने शिकवलंय, फळ्यावर लिहून दिलंय, चाचणीत गुण देऊन पक्कं करून घेतलंय. ग्रंथपाल दिवा बंद करायला आले तेव्हा त्यांच्याकडे वर बघवेना.

बरं, निदान पाठ सुधारता येईल.

९ नोव्हेंबर

ताईचा फोन.

“अरे, आईचा फोटो पुस्तकात आलाय.”

मी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात होतो.

आई ताईकडेच राहते. ताईची नात सातवीत आहे. अखंड बडबडते म्हणून घरात सगळे तिला रेडिओ म्हणतात. चाचणीच्या वीस शाळांत तिची शाळा आहे. हे मला माहीत नव्हतं. ती कुठल्या शाळेत जाते, हे कधी विचारलंच नाही. रेडिओने पुस्तक उघडलं आणि आईने चष्म्याशिवाय दारावरून घर ओळखलं. आता गल्लीभर सांगत फिरतेय, माझ्या मुलाने मला पुस्तकात घातली.

“खाली काय लिहिलंय ते सांगितलं का तिला?” मी विचारलं.

“आम्ही नाही सांगितलं. पाठावर तुझं नाव आहे. ती म्हणते, त्याच्याच तोंडून ऐकायचं. रविवारी ये.”

ताईच्या आवाजावरून काही कळलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर, रविवार

गेलो नाही. ताप आहे म्हणून कळवायचं ठरवलं. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. थंड होतं. ती म्हणाली, “मी बोलणार नाही काही. पण माझ्याकडून फोन करवून घेऊ नका.” मग मीच केला. फोनवर आई म्हणाली, “अंगावर काढू नकोस, झोप नीट. पुस्तक कुठे पळून जातंय?”

दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहिलो. एकोणपन्नासाव्या वर्षी.

१८ नोव्हेंबर

आज गेलो. जसं झालं तसं लिहितो.

आईने धुतलेली साडी नेसली होती. शेजारच्या शिंपीणबाईंना मुद्दाम बोलावून बसवलं होतं. टेबलावर पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. आई चौऱ्याऐंशीची आहे, शाळा तिने पाहिलेली नाही. वडील गवंडी, आणि तीही त्यांच्याबरोबर बांधकामावर विटा वाहायची. त्या पानावर तिने एक दोरा खूण म्हणून ठेवला होता.

“सगळं नको वाचू,” ती म्हणाली. “दमशील. माझ्या खालचं वाच.”

मी पान उघडलं आणि वाचलं, “‘कष्ट करून मुलं वाढवणारी एक आई.’”

“बघा,” शिंपीणबाई म्हणाल्या, “अगदी बरोबर लिहिलंय.”

रेडिओ माझ्या खांद्याशी उभी होती. शेजारचं पोर चुकीची ओळ वाचायला लागलं की बाकावरचं दुसरं पोर हळूच सांगतं, तशी ती म्हणाली, “मामाआजोबा, तुमची ओळ चुकली.”

ताई आतल्या खोलीच्या दारात भांडी पुसत होती. “पुन्हा वाच,” ती म्हणाली. “मी अक्षराला अक्षर लावून वाचलंय ते. तू काय वाचतोस ते बघायचं होतं.”

मग वाचलं. “‘बेसुमार संतती: अज्ञानाचे फळ.’”

शिंपीणबाईंना घरी काहीतरी काम आठवलं. त्या गेल्या. दार त्यांनी अगदी हळू लावलं.

आईने पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. मग म्हणाली, “बेसुमार म्हणजे काय रे?”

“ज्याची मोजदाद नाही असं.”

“मोजदाद कशी नाही? तेरा.”

मला वाटलं, वयामुळे गोंधळतेय. “आई, आठ. आम्ही आठ आहोत.”

“तू आठ मोजतोस. मी तेरा मोजते.”

ताईचं भांडी पुसणं थांबलं.

आई बोलायला लागली. मांडीवर एक बोट, मग दुसरं. पहिली मुलगी दहा दिवसांची गेली. दुसरा वर्षाचा, जुलाबाने, दोन दिवसांत वाळून गेला. मग ताई, ती राहिली. मग एक मुलगी, तिला नुकताच खालचा दात आला होता आणि ती सगळ्यांच्या बोटाला चावायची. तीही जुलाबाने. मग एक मुलगा, त्याचं नाव ठेवायच्या आधीच. मग दादा. मग आणखी एक. “तो गोरा होता आणि हसायचा. त्याला तापाने नेलं. मग नळ आला.”

“कुठला नळ?”

“गल्लीतला. त्याच्या आधी आम्ही खालच्या डबक्याचं पाणी भरायचो. नळ आला, आणि मागोमाग ती टोचायला येणारी बाई आली. मग तुम्ही सहा झालात, आणि सहाच्या सहा राहिलात. मी वाट बघायची, आता कोण जाणार, आता कोण. कुणी जाईचना. नऊ वर्षांनी तो पाणीखात्याचा माणूस आला. म्हणाला, बाई, नळापाशी उभ्या राहा, साहेबांना दाखवायचंय नळाने काय झालं ते. मी सगळ्यांना घेऊन उभी राहिले.” तिने फोटोच्या उजव्या कडेवर बोट फिरवलं. “इथे होता बघ. कुठे गेला?”

“मी कापला.”

“फोटो त्याचाच होता रे,” ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला गेलो, माफ कर वगैरे. तिने ऐकलं नाही, तिचं स्वतःचंच चाललं होतं. “तुझी आजी अकरा वेळा बाळंत झाली. राहिले तुझा बाप आणि आत्या. तिला कुणी बेसुमार म्हटलं नाही. मी काही फार वेगळं केलं नाही. सगळ्या बायकांना व्हायची तेवढीच मला झाली. तुम्ही मेला नाहीत, एवढंच. त्यात माझं काय चुकलं?”

मी पुस्तक मिटायला गेलो, तिने मिटू दिलं नाही.

मग ती म्हणाली, “आणि अज्ञानाचं फळ म्हणजे काय, तू धरून का?” रेडिओला हसू फुटलं, तिने तोंडावर हात ठेवला. आईही जराशी हसली. मी हसलो नाही.

निघताना तिने विचारलं, “किती पोरांकडे गेलंय हे?”

“वीस शाळा. दीड-दोन हजार पोरं.”

“त्यांना सांग.”

“सांगतो ना. कायमच्या पुस्तकात सगळं सुधारून लिहितो.”

“ते पुस्तक पुढची पोरं वाचतील. ज्यांनी हे वाचलंय त्यांचं काय?”

२१ नोव्हेंबर

संपादिका बाईंना भेटलो. आधी म्हणालो की तुमचं बरोबर होतं. हे वाक्य घरून पाठ करून नेलं होतं, तरी अडखळलो. मग छायाचित्राचं सांगितलं.

“परवानगी घेतली होती का?”

“घरचाच फोटो होता.”

“म्हणजे नव्हती घेतली.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “सर, चुकीचं कारण लिहिलं ते मी समजू शकते. अर्धी पुस्तकं तेच सांगतात. पण ही बाई तुमची आई आहे हे माहीत असून तुम्ही खाली ही ओळ लिहिलीत?”

मी हो म्हणालो. खोलीत आणखी दोन जण काम करत होते. त्यांनी माना वर केल्या नाहीत, पण टाइप करणं थांबलं होतं.

मंडळाची बैठक होईपर्यंत थांबायला सांगितलं आहे. मी विचारलं, वीस शाळांत मी स्वतः जाऊन सांगितलं तर चालेल का. त्यांनी विचारलं, “तुम्हाला झेपेल?” मी म्हणालो, माहीत नाही.

३० नोव्हेंबर

मंडळाचा निर्णय झाला. पाठ मी नव्याने लिहायचा, संपादिका बाई तपासणार. पाठावर माझं नाव नसेल. फोटो, आईने हो म्हटलं तर, नळासकट छापायचा. शाळांची यादी मिळाली.

पत्र वाचून वाईट वाटलं, ते आईचं वाटायला हवं होतं. वाटलं नाव गेल्याचं. हे लिहायला नको वाटतंय, म्हणूनच लिहितो.

आईने हो म्हटलं. फक्त विचारलं, “ह्या खेपेला खाली काय लिहिणार?” मी म्हणालो, “तू सांग.” ती म्हणाली, “नळ आला ते वर्ष लिही.”

६ डिसेंबर

पहिली शाळा. रेडिओचीच. मला ती शेवटी हवी होती, पण यादीत सर्वांत वर तीच.

चाळीस पोरं, पुस्तक उघडून. मी फळ्यावर दोन रेषा काढल्या, जन्मांची आणि मृत्यूंची. मृत्यूंची आधी खाली येते, जन्मांची बरीच नंतर, आणि मधे जी फट पडते तिच्यात जगातली ही सगळी वाढलेली माणसं मावतात. इथवर आवाज ठीक होता. शिकवणं मला जमतं. मग म्हणालो, “आता छायाचित्र बघा. ही बाई माझी आई आहे. तिच्या खाली मी जे लिहिलंय ते खोटं आहे.”

मागच्या बाकावर कुजबुज झाली. मी तेराचं सांगितलं. दात आलेल्या मुलीचं सांगितलं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, तुम्हाला खरं माहीत नव्हतं म्हणून असं लिहिलं?”

हो म्हणणं सोपं होतं. तिने दारच उघडून दिलं होतं.

“कारण माहीत नव्हतं,” मी म्हणालो. “पण ही ओळ त्यामुळे नाही लिहिली. मला आमच्या घराची लाज वाटायची.”

“आता?”

“आता त्या ओळीची वाटते.”

ती खाली बसली. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि पोरं डबे घेऊन पळाली. रेडिओ माझ्याकडे न बघता मैत्रिणींबरोबर निघून गेली. दारापाशी मात्र एकीने तिला विचारलेलं ऐकू आलं, “ते तुझे कोण?” आणि ती म्हणाली, “आजीचा भाऊ. सगळ्यात धाकटा.”

एकोणीस उरल्या.

१३ जानेवारी

नऊ शाळा झाल्या. सवय होईल असं वाटलं होतं. होत नाही, दर वेळी छायाचित्राचं पान आलं की आधी पुन्हा रेषाच समजावत बसतो. एका शाळेत एक मुलगा म्हणाला, “आमच्या घरी पण सात आहेत,” आणि वर्ग त्याला हसला. मी हसणाऱ्यांवर ओरडलो, नको इतका.

नवा पाठ मंजूर झाला. आज दुपारी तो आईला वाचून दाखवला. युरोपपर्यंत तिने नीट ऐकलं, अमेरिकेपाशी झोप लागली. मधेच डोळे उघडून म्हणाली, “गेली का रे सगळी ती माणसं?” मी म्हणालो, “बहुतेक.” तिने चक् केलं आणि पुन्हा झोपली.

ताई म्हणाली, “मला दे ती पानं.” खिडकीशी बसून बोट ठेवून वाचायला लागली, एकेक शब्द तोंडातल्या तोंडात. तासभर लागला. मग विचारलं, “ही रेषा अशी आधी आडवी आणि मग उभी का?” मी समजावून सांगितलं. एकदाच सांगावं लागलं. वर्गात तीन तीन वेळा सांगतो. नंतर तिने तक्ता पुढे ओढला, ओठ हलवत राहिली आणि म्हणाली, “तुझी ही खालची बेरीज चुकलीय. खंडांचे आकडे मिळवले तर इतके होत नाहीत.”

मी करून पाहिली. चुकली होती. संपादिका बाईंच्या नजरेतून सुटलेली चूक.

“ताई,” मी म्हणालो, “तू शाळेत हुशार असशील.”

“पहिली यायचे. सहावी झाली आणि सोडली.”

“का सोडलीस?”

ती माझ्याकडे बघून हसली. “घरात काम होतं रे,” म्हणाली आणि चहा टाकायला उठली. मी पानं गोळा करून पिशवीत घातली, बेरजेची दुरुस्ती उद्याच कळवायला हवी.

कसलं काम, ते विचारायचं राहूनच गेलं. पुढच्या खेपेला विचारीन. ती बारा-तेरा वर्षांची असेल तेव्हा, म्हणजे मी नुकताच जन्मलो होतो. मला कुठून आठवणार?